कोरियाचं युद्ध: कुणी सुरू केलं, कोण जिंकलं आणि ते अजून का संपलेलं नाही

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "कोरियन युद्ध नेमकं कुणी सुरू केलं? कोण जिंकलं? सत्तर वर्षं उलटली तरी ते संपलं नाही असं का म्हणतात? आणि भारत त्यात होता की नव्हता? पुस्तकात चार ओळींपलीकडे काही सापडत नाही."

आधी थोडक्यात उत्तर देतो. २५ जून १९५० रोजी, रविवारी पहाटे, उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. त्याबद्दल अभ्यासकांत आता वाद राहिलेला नाही. जिंकलं कुणीच नाही. तीन वर्षं लढून दोन्ही बाजू जवळपास निघाल्या तिथेच येऊन थांबल्या. १९५३ मध्ये झाली ती शस्त्रसंधी. शांतता करार आजवर झालेला नाही, म्हणून ते कागदोपत्री संपलेलं नाही. आणि भारत होता. त्याने लढणारं सैन्य पाठवलं नाही, पण शेवटी सगळं ज्या प्रश्नावर अडलं होतं, त्या प्रश्नाच्या मधोमध भारताचेच जवान उभे होते.

परीक्षेत एवढं लिहिलंत तर गुण मिळतील. मी मात्र एकतीस वर्षं लष्करी इतिहास शिकवला आहे, आणि या युद्धाबद्दल एवढंच सांगून थांबणं मला कधी जमलेलं नाही.

वर्गात मी एक प्रयोग करून घ्यायचो. आशियाचा मोठा नकाशा फळ्यावर टांगायचा, दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलवायचं, हातात पट्टी द्यायची आणि सांगायचं, "हा देश दोघांत वाटा. राजधानी आपल्या वाट्याला आली पाहिजे. वेळ अर्धा तास." मुलं आधी नद्या शोधायची, मग डोंगरांची रांग, मग जिल्ह्यांच्या हद्दी. वीस मिनिटं गेली की घड्याळाकडे बघून सरळ आडवी रेघ मारायची. १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये हेच झालं. जपान शरण यायच्या बेतात होता. सोव्हिएत फौजा कोरियात शिरत होत्या आणि अमेरिकेचं सैन्य अजून लांब होतं. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलना सांगितलं गेलं की, जपानी सैन्याची शरणागती कुणी कुठे घ्यायची त्याची हद्द ठरवा. त्यांच्यापुढे नॅशनल जिऑग्राफिकचा एक नकाशा होता. सोल शहर आपल्या बाजूला येतं एवढं पाहून त्यांनी ३८ अंश उत्तर अक्षांश निवडला. स्टालिनने हरकत घेतली नाही. कोरियातल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

आपल्या फाळणीची रेघ ओढायला रॅडक्लिफना पाच आठवडे मिळाले होते, आणि ते किती अपुरे पडले ते पंजाब आणि बंगालने भोगलं. इथे अर्धा तास. तोही अशा देशाला, जो हजार वर्षं एका राज्याखाली एक भाषा बोलत आला होता आणि १९१० पासून पस्तीस वर्षं जपानच्या टाचेखाली एकत्रच भरडला गेला होता.

त्या रेघेने काय तोडलं ते बघा. धरणांची वीज, कोळसा आणि खतांचे कारखाने उत्तरेत गेले. भाताची सुपीक शेतं दक्षिणेत राहिली. मे १९४८ मध्ये उत्तरेने वीज तोडली तेव्हा दक्षिणेचे कारखाने थंडावले. पश्चिम किनाऱ्यावरचं ओंगजिन द्वीपकल्प रेघेच्या खाली, म्हणजे दक्षिणेत. पण तिथून सोलला जमिनीवरून जायला वाटच उरली नाही, कारण मधला मुलूख उत्तरेचा. बोटीनेच जावं लागे.

हद्द तात्पुरती म्हणून आखली होती, ती पक्की होत गेली. उत्तरेत सोव्हिएत सैन्याच्या छायेत किम इल-सुंग पुढे आले. जपान्यांविरुद्ध मांचुरियात गनिमी लढा दिलेले, तेव्हा जेमतेम तेहेतीस वर्षांचे. १९४६ मध्ये त्यांनी जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना वाटल्या आणि लाखो लोक दक्षिणेकडे निघाले. दक्षिणेत सत्तरीचे सिंगमन ऱ्ही आले. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, आयुष्याचा मोठा भाग परदेशात काढलेले, कडवे कम्युनिस्टविरोधक. त्यांच्या पोलिस दलात जपानी राजवटीत हुकूम बजावलेले अनेक अधिकारी तसेच राहिले, आणि ज्यांना त्यांनी तेव्हा मारलं होतं ती माणसं हे विसरली नव्हती. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आयोग निवडणुकांवर देखरेख करायला आला. त्याचे अध्यक्ष होते आपले के. पी. एस. मेनन. सोव्हिएत बाजूने आयोगाला उत्तरेत पाऊल टाकू दिलं नाही, म्हणून १० मे १९४८ रोजी फक्त दक्षिणेत मतदान झालं. १५ ऑगस्टला दक्षिणेत एक प्रजासत्ताक जाहीर झालं, ९ सप्टेंबरला उत्तरेत दुसरं. दोघांचाही दावा असा की सगळा कोरिया आमचा आणि समोरचं सरकार बनावट.

"कुणी सुरू केलं" या प्रश्नाचं उत्तर २५ जूनपाशी थांबवलं की ही पाच वर्षं दिसेनाशी होतात. एप्रिल १९४८ मध्ये जेजू बेटावर उठाव झाला. तो चिरडताना २५ ते ३० हजार माणसं मेली असा अंदाज आहे, आणि बेटाची लोकसंख्या होती तीन लाखांच्या आसपास. १९४९ भर सीमेवर चकमकी झडत होत्या आणि त्यात दक्षिणेनेही कुरापती काढल्या. घर आतून पेटलेलं होतं. तरीही, हे सगळं सांगितल्यावरही, एक गोष्ट मी मवाळ करून सांगणार नाही. पूर्ण ताकदीचं, आखीव, रणगाडे घेऊन केलेलं आक्रमण उत्तरेचं होतं. किम यांनी स्टालिनकडे वारंवार परवानगी मागितली. १९४९ मध्ये ती नाकारली गेली. १९५० च्या वसंतात, माओंची संमती घ्या या अटीवर, ती मिळाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर या पत्रव्यवहाराचं दप्तर उघडं झालं आणि १९९४ मध्ये त्यातले कागद रशियाने दक्षिण कोरियाला दिले. "दक्षिणेनेच आधी हल्ला केला" ही उत्तरेची कहाणी त्यानंतर टिकत नाही.

उत्तरेकडे सोव्हिएत बनावटीचे दीडशेच्या आसपास टी-३४ रणगाडे होते आणि चीनच्या यादवीत माओंच्या बाजूने लढून तावून-सुलाखून निघालेले हजारो कोरियन सैनिक. दक्षिणेकडे रणगाडा एकही नव्हता. तीन दिवसांत सोल पडलं.

त्या तिसऱ्या रात्रीपाशी थोडं थांबू या. ऱ्ही २७ जूनच्या पहाटेच रेल्वेने शहर सोडून गेले होते. रेडिओवर मात्र त्यांचं ध्वनिमुद्रित भाषण लागत होतं: घाबरू नका, सैन्य शत्रूला परतवतं आहे. लोकांनी विश्वास ठेवला. २८ जूनच्या पहाटे अडीचच्या सुमारास हान नदीवरचा पूल सुरुंग लावून उडवला, कसलीही सूचना न देता. त्या वेळी पुलावर निर्वासितांची रीघ लागली होती. शेकडो माणसं पाण्यात गेली आणि दक्षिणेचं बरंचसं सैन्य पलीकडच्या तीरावर अडकलं. पूल उडवणाऱ्या इंजिनिअर कर्नलला त्याच सप्टेंबरात गोळ्या घातल्या. १९६४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. आणि सप्टेंबर १९५० मध्ये सोल परत मिळालं तेव्हा काय झालं? नदी ओलांडून गेलेले देशभक्त ठरले आणि मागे राहिलेल्यांवर शत्रूला सामील झाल्याचा संशय आला. दोन्ही गटांना कोरियन भाषेत नावं पडली: दोगांगपा आणि जानर्यूपा, नदीपार गेलेले आणि मागे राहिलेले. सरकारच्या शब्दावर विसंबून जे घरी थांबले, त्यांनाच नंतर तुरुंग दिसला.

सोल नऊ महिन्यांत चार वेळा हातांतरित झालं, हे वाक्य सगळ्या पुस्तकांत असतं. त्याचा अर्थ असा की चार वेळा याद्या निघाल्या. कुणी कुणाला भात दिला, कुणी झेंडा लावला, कुणाचा मुलगा कुठल्या सैन्यात गेला. देजॉन शहराचं उदाहरण घ्या. जुलै १९५० मध्ये माघार घेताना दक्षिणेच्या पोलिसांनी आणि लष्करी पोलिसांनी तिथल्या तुरुंगातले राजकीय कैदी डोंगराच्या कुशीतल्या घळीत नेऊन खड्ड्यांत गोळ्या घालून मारले, हजारोंच्या संख्येने. सप्टेंबरमध्ये माघार घेताना उत्तरेच्या सैन्याने त्याच शहरात कोंडून ठेवलेल्या लोकांना मारलं. शहर एक, अंतर तीन महिन्यांहून कमी. दुसऱ्या कत्तलीचं दक्षिणेत लगेच स्मारक झालं. पहिली कित्येक दशकं उत्तरेच्याच नावावर खपवली गेली. मेलेल्यांच्या घरच्यांना तोंड उघडण्याची चोरी होती, कारण 'लाल' कुटुंब म्हणून मुलांच्या नोकऱ्या जात. २००५ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने खोदकाम केलं तेव्हा हाडं वर आली आणि सरकारला मान्य करावं लागलं. दोन बाजूंच्या यादवीत कुठली बाजू चांगली असं मला मुलं विचारायची, तेव्हा मी देजॉन सांगायचो.

लष्करी घडामोडी तुम्हाला कुठेही मिळतील, त्या मी झरझर सांगतो. सुरक्षा परिषदेने हल्ल्याचा निषेध केला. चीनची जागा माओंच्या सरकारला मिळत नाही म्हणून सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कार टाकून बसला होता, म्हणून नकाराधिकार वापरायला कुणी नव्हतं. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्ष होते भारताचे बी. एन. राव, आणि भारताने निषेधाच्या बाजूने मत दिलं. ७ जुलैला अमेरिकेच्या हाताखाली एकत्र सेना उभारण्याचा ठराव आला तेव्हा मात्र भारत तटस्थ राहिला. हा फरक परीक्षेत आवर्जून लिहा. ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे फक्त बुसानभोवतीचा कोपरा उरला होता. १५ सप्टेंबरला या सेनेचे अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांनी सोलजवळच्या इंचॉनला सैन्य उतरवलं. तिथे भरती-ओहोटीत नऊ-दहा मीटरचा फरक पडतो. भरती हुकली तर बोटी चिखलात रुतून बसणार, म्हणून कुणी तिथे उतरेल असं उत्तरेला वाटलं नव्हतं. दोन आठवड्यांत सोल परत मिळालं.

इथे थांबायला हवं होतं. हे मी माझं मत म्हणून सांगतो. हल्ला परतवायचा हा ठरावाचा हेतू साधला होता. पण आता उत्तर कोरियाच संपवायचा मोह झाला. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री बीजिंगमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं: अमेरिकी सैन्याने ३८ ची रेघ ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने हा निरोप लंडन आणि वॉशिंग्टनला पोचवला. वॉशिंग्टनला पणिक्कर चीनकडे झुकलेले वाटत, म्हणून निरोप पोकळ धमकी ठरला. १५ ऑक्टोबरला मॅकआर्थर अध्यक्ष ट्रुमन यांना सांगत होते की चीन येण्याची शक्यता फार कमी आहे. १९ ऑक्टोबरला प्याँगयांग पडलं, आणि त्याच संध्याकाळपासून चिनी तुकड्या रात्रीच्या अंधारात सरहद्दीवरची यालू नदी ओलांडत होत्या. सेनापती पंग द-हुआय. दिवसा झाडीत दडायचं आणि रात्री चालायचं, त्यामुळे विमानांना ते दिसले नाहीत. नोव्हेंबरअखेर, चोसिन जलाशयाभोवती पारा उणे तिसाच्या आसपास असताना, त्यांनी घाव घातला आणि सगळी आघाडी मागे लोटली.

डिसेंबरात उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख सैनिक बाहेर काढले. त्यांच्याबरोबर जवळपास तेवढेच नागरिक निघाले. मेरेडिथ व्हिक्टरी नावाचं मालवाहू जहाज होतं, प्रवाशांची सोय जेमतेम बारा जणांची. त्यात १४ हजार माणसं उभी राहून, दाटीवाटीने, पाण्या-उजेडाशिवाय तीन दिवस गेली. वाटेत एकही माणूस दगावलं नाही आणि पाच बाळं जन्मली. पुढे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष झालेले मून जे-इन यांचे आईवडील त्याच जहाजात होते. चार दिवसांनी परत येऊ म्हणून दाराला कड्या घालून निघालेली ती कुटुंबं. परत कुणालाच जाता आलं नाही.

जानेवारी १९५१ मध्ये सोल पुन्हा पडलं, मार्चमध्ये पुन्हा मिळालं. एप्रिलमध्ये ट्रुमननी मॅकआर्थरना काढून टाकलं. त्यानंतर आघाडी हलली ती टेकडी-दोन टेकड्यांनी. चोरवॉनजवळची पांढऱ्या घोड्याची टेकडी ऑक्टोबर १९५२ मध्ये दहा दिवसांत चोवीस वेळा इकडून तिकडे गेली. आकाशातून मात्र विध्वंस थांबला नाही. अमेरिकेने कोरियावर ६,३५,००० टन बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात सगळ्या पॅसिफिक आघाडीवर टाकले त्यापेक्षा जास्त. त्याखेरीज नापाम, म्हणजे चिकटून जळणारं इंधन, ३२ हजार टनांहून अधिक. मे १९५३ मध्ये भाताला पाणी देणारी धरणं फोडली. उत्तरेची राजवट आजही आपल्या लोकांना अमेरिकेची जी भीती घालते, तिच्यात खोटं पुष्कळ आहे, पण तिचं मूळ या राखेत आहे. मृतांचा आकडा कुणालाच नेमका देता येत नाही. एकूण २५ ते ३० लाखांच्या दरम्यानचे अंदाज आहेत, त्यात निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक. देशाची लोकसंख्या होती तीन कोटी.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तिथे येतो. वाटाघाटी १० जुलै १९५१ लाच सुरू झाल्या होत्या, आधी केसाँगला, मग पानमुनजोमला. सीमा कुठे, देखरेख कुणाची, हे प्रश्न १९५२ च्या वसंतापर्यंत जवळपास सुटले. मग पुढचं वर्षभर माणसं मरत राहिली ती कशासाठी? युद्धबंद्यांसाठी. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की लढाई थांबली की सगळे युद्धबंदी मायदेशी पाठवा. ट्रुमन म्हणाले, ज्याची इच्छा नाही त्याला जबरदस्तीने पाठवणार नाही. ऐकायला हे फार उदात्त वाटतं. एप्रिल १९५२ मध्ये चाचपणी केली तेव्हा जवळपास निम्म्या बंद्यांनी परत जायला नकार दिला. चीन आणि उत्तर कोरियाची ही जगापुढे नाचक्की होती, ते मान्य करायला तयार होईनात.

पण ती 'इच्छा' कशी घेतली गेली तेही बघा. दक्षिणेतल्या गोजे बेटावरच्या छावण्यांत आतली सत्ता बंद्यांच्याच टोळ्यांकडे होती. एका आवारात कम्युनिस्टांची, शेजारच्या आवारात विरोधकांची. परत जायचं म्हणणाऱ्या चिनी बंद्यांना विरोधकांच्या आवारात मारहाण झाली, काहींचे खून झाले. कित्येकांच्या हातांवर कम्युनिस्टविरोधी घोषणा जबरदस्तीने गोंदल्या, म्हणजे मायदेशी जायचं तोंडच उरू नये. उलट बाजूच्या आवारात लोकन्यायालयं भरून फितुरांना मारत. मे १९५२ मध्ये तर बंद्यांनी छावणीच्या अमेरिकी कमांडंट जनरललाच आत ओढून डांबून ठेवलं. अशा ठिकाणी एका शेतकऱ्याच्या पोराला तीस सेकंदांत विचारायचं, तुला कुठे जायचंय. त्यातले अनेक चिनी सैनिक आधी माओंचा प्रतिस्पर्धी चँग कै-शेक (तो हरल्यावर तैवानला गेला) याच्या सैन्यात होते, पराभवानंतर माओंच्या सैन्यात भरले गेले आणि मग कोरियात पाठवले गेले. घर एकीकडे, सरकार दुसरीकडे, हातावर गोंदलेलं तिसरंच.

तोडगा भारताने काढला. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला, ३ डिसेंबर १९५२ रोजी तो मंजूर झाला: जायला नकार देणारे बंदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवा. चीन आणि सोव्हिएत संघाने तो धुडकावला. ५ मार्च १९५३ ला स्टालिन वारला आणि काही आठवड्यांत त्याच धर्तीवर तडजोड झाली. ऱ्ही यांना शस्त्रसंधीच नको होती. जूनमध्ये त्यांनी छावण्यांची दारं उघडून सुमारे २७ हजार बंदी परस्पर सोडून दिले. तरीही २७ जुलै १९५३ ला सकाळी दहाला पानमुनजोमला सह्या झाल्या आणि रात्री दहाला तोफा थांबल्या. दक्षिण कोरियाने त्या कागदावर सही केली नाही, आजपर्यंत नाही. म्हणून उत्तरात 'तह' लिहू नका, 'शस्त्रसंधी' लिहा.

नवी रेघ जुन्या रेघेवर तंतोतंत पडली नाही. केसाँग आधी दक्षिणेत होतं, ते उत्तरेत गेलं. चोरवॉन आणि सोकचो उत्तरेत होते, ते दक्षिणेत आले. मधे चार किलोमीटर रुंद, अडीचशे किलोमीटर लांब निर्लष्करी पट्टा. काही वर्षांपूर्वी मी इमजिनगाकला गेलो होतो, सोलपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे एक गंजलेलं वाफेचं इंजिन उभं आहे, सगळ्या अंगाला गोळ्यांची हजारभर भोकं. शेजारी मांगबेदान नावाचा दगडी कट्टा. सणाच्या दिवशी उत्तरेतली गावं सुटलेले लोक तिथे उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना नैवेद्य दाखवतात. मी गेलो तो सणाचा दिवस नव्हता, पण एक म्हातारे गृहस्थ आले होते. वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोन सफरचंदं आणि एक सुकी मासळी ठेवली, दारूचा छोटा पेला भरला आणि दोनदा साष्टांग नमस्कार घातला. मग पेला गवतावर ओतला आणि सफरचंदं पिशवीत परत भरून निघाले. कुंपणापलीकडे नदी, आणि नदीच्या पलीकडे त्यांचा मुलूख.

१९८३ च्या जूनमध्ये कोरियाच्या केबीएस वाहिनीने ताटातूट झालेल्यांसाठी दीड तासाचा कार्यक्रम लावला. तो १३८ दिवस चालला. लोकांनी इमारतीच्या भिंती हाताने लिहिलेल्या फलकांनी झाकून टाकल्या: आईचं नाव, गावाचं नाव, कपाळावरची खूण. दक्षिणेतल्या दक्षिणेतच हरवलेली दहा हजारांहून अधिक कुटुंबं पुन्हा एकमेकांना भेटली. उत्तर-दक्षिण भेटी २००० पासून नियमित होऊ लागल्या, शेवटची २०१८ मध्ये झाली. नाव नोंदवलेल्या एक लाख तीस हजारांतले बहुतेक जण भेटीची वाट बघत वारले. जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग-उन यांनी दक्षिणेला शत्रुराष्ट्र ठरवून एकीकरणाचं धोरणच सोडून दिलं आणि प्याँगयांगमधली एकीकरणाची कमान पाडून टाकली.

आणि भारत. सोळा देशांनी सैन्य पाठवलं, भारताने डॉक्टर पाठवले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये पोचली आणि थेट माघारीत सापडली. प्याँगयांग सोडताना औषधं-उपकरणं न्यायला गाड्या नव्हत्या. टाकून चला असा हुकूम होता. या लोकांनी स्टेशनात पडलेलं एक जुनं इंजिन शोधलं, त्याला डबे जोडले, इंधन-पाण्याची सोय केली आणि आपणच चालवत नदीपलीकडे आणलं. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकी छत्रीधारी उतरले तेव्हा रंगराज धरून बारा भारतीयांनी उडी घेतली आणि गोळीबारात शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं.

युद्धबंद्यांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि बंद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. पाच-सहा हजार जवान त्यांच्या हाताखाली. ऱ्ही म्हणाले, भारतीयाचं पाऊल माझ्या भूमीवर पडता कामा नये. मग इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने जवानांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीला आपल्या लोकांनी हिंद नगर नाव दिलं. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी बंद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं. थोरात निःशस्त्र आत गेले, हजारोंच्या घोळक्यात बोलत उभे राहिले आणि आपला माणूस सोडवून आणला, एक गोळी न झाडता. त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. कोल्हापूरच्या वर्गातसुद्धा हे नाव सांगितल्यावर मुलं एकमेकांकडे बघायची, याचं मला फार वाईट वाटत आलं आहे.

भारताच्या ताब्यात दक्षिणेच्या बाजूने पकडलेले २२,६०४ बंदी आले आणि उत्तरेच्या बाजूने पकडलेले ३५९. एकेकाला तंबूत आणायचं. समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी, बाजूला दुभाषा, तटस्थ देशांचे अधिकारी आणि दारात भारतीय जवान. प्रतिनिधी समजावणार: परत चल, शिक्षा होणार नाही, आई वाट बघते आहे. तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एक मायदेशाकडे, दुसरं छावणीकडे परत. काही जण आत येताच ओरडायला लागत, खुर्च्या फेकत, जवानांना त्यांना धरून ठेवावं लागे. काही जण रडत. ठरलेल्या नव्वद दिवसांत हे काम जेमतेम दहा दिवस चालू शकलं, बाकीचे दिवस भांडणांत आणि छावणीतल्या टोळ्यांच्या अडवणुकीत गेले. २२,६०४ पैकी मायदेशी परतले सव्वासहाशेच्या आसपास. १४ हजारांवर चिनी तैवानला गेले. दुसऱ्या बाजूला २१ अमेरिकी आणि एक ब्रिटिश घरी जायला नाही म्हणाले.

आणि काही जणांनी दोन्ही दारं नाकारली. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवानही नको. तटस्थ देशात पाठवा म्हणाले. असे ८८ जण होते, बहुतेक कोरियन, थोडे चिनी. त्यांना घ्यायला दुसरा देश तयार नव्हता, म्हणून फेब्रुवारी १९५४ मध्ये ते परतणाऱ्या भारतीय जवानांबरोबरच जहाजाने मद्रासला उतरले. त्यांना दिल्लीत ठेवलं, कामं शिकवली. दोन-तीन वर्षांत त्यांतले बरेच जण ब्राझीलला आणि अर्जेंटिनाला गेले. काही शेवटी आपल्या मुलखात परतले. मोजके भारतातच राहिले, इथेच त्यांनी धंदे केले आणि इथेच म्हातारे झाले.